ओंजळ आणि तांब्या



शाळांना उन्हाळी सुट्ट्या लागल्या की तुमसरात घरोघरी मुलांची एकच भुणभुण सुरू होते, "कुठंतरी जाऊ या." मामाचे गाव झाले, गायमुख झाले, पवनीची जगन्नाथ टेकडीही झाली. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही अजिंठ्याचा बेत केला. नुसते बसने जाऊन लेणी पाहून परतायचे नाही, तर समोरच्या डोंगरावरून पायी दरी उतरायची असे ठरले. आम्ही दोघे, तीन मुले आणि आई. आईंचे वय बहात्तर. पण सारा जन्म धानाच्या बांधीत रोवणी करण्यात गेलेला, त्यामुळे पायांची तक्रार नाही.

तुमसर रोडला गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, जळगावला उतरलो आणि फर्दापूरला मुक्काम केला. आम्ही तलावांच्या जिल्ह्यातली माणसे. मे महिन्यातले तिथले उघडेबोडके डोंगर, काळा तापलेला खडक आणि कोरडी पडलेली वाघोरा नदी पाहून धाकटा म्हणाला, "बाबा, हे तर वाळवंट आहे!"

सकाळी लवकर निघायचे ठरले होते. पण गाडी उशिरा आली आणि डोंगरमाथ्यावर पोहोचेपर्यंत दहा वाजले. तिथून दिसणारे दृश्य मात्र विसरता येणार नाही. नदीने डोंगर कापून घोड्याच्या नालासारखे वळण घेतलेले आणि त्या वळणाच्या कड्यात ओळीने कोरलेली सुमारे तीस लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, हे आम्ही मुलांना सांगितले. मोठीने लगेच विचारले, "मग त्याच्या आधी इथल्या गुराख्यांना ती दिसत नव्हती का?" प्रश्न रास्त होता. दिसत असणारच, पण इतिहासात नाव लिहिणाऱ्याचेच राहते.

इथेच आमची चूक लक्षात आली. सहा माणसांत चार बाटल्या, त्याही माथ्यावरच रिकाम्या झाल्या. ऊन चढत होते. धाकट्याला चक्कर आल्यासारखे झाले, तेव्हा आमचे धाबे दणाणले. वाटेच्या कडेला एक घर होते, ओट्यावर रांजण होता. घरातल्या बाई बाहेर आल्या आणि तांब्या भरून पुढे केला. मुले प्यायली. आईंची पाळी आली तेव्हा त्या तांब्या न घेता दोन पावले मागे सरल्या, खाली वाकल्या आणि तोंडाशी ओंजळ धरली. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी आईंचा हात धरून तांब्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो आजी, तोंडाला लावून प्या ना!"

आई पाणी प्यायल्या. पण बराच वेळ बोलल्या नाहीत.

दरी उतरताना मोठीने विचारले, "आजी, तू ओंजळ का धरलीस?" आई म्हणाल्या, "सवय आहे माय. लहानपणी आमाले कोनी भांडं देत नोहतं. वरून पानी टाकत, आमी ओंजळ धरत होतो. तहान लागली का हात आपोआपच जातेत." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या, दर पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या आमच्या आई! मन केव्हाच बुद्धाला शरण गेले, पण हातांना अजून ते कळलेले नाही. ऐकून आम्हा दोघांना काय वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही.

दहाव्या लेण्याच्या सावलीत बसलो तेव्हा आम्ही मुलांना आनंद आणि प्रकृतीची गोष्ट सांगितली. भिक्खू आनंदांनी पाणी मागितले तेव्हा ती चांडाळकन्या संकोचली, आपली जात सांगू लागली. आनंदांनी सांगितले की मला पाण्याशी काम आहे, जातीशी नाही. ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. मग ह्युएन त्संगचीही आठवण निघाली. सातव्या शतकात तो चीनहून निघाला, वाळवंटात त्याची पाण्याची पखाल सांडली आणि चार-पाच दिवस त्याला पाण्याविना काढावे लागले. त्याच यात्रिकाने महाराष्ट्रातल्या डोंगरदरीतील अशा एका विहाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. धाकटा म्हणाला, "म्हणजे त्यानेही बाटल्या कमी घेतल्या होत्या!" आईसुद्धा हसल्या.

सव्वीसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. तिच्यासमोर मुले न सांगता शांत बसली. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे. या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या विदर्भातले वाशीम. हे ऐकून आई म्हणाल्या, "मंग हे तं आपलंच आहे."

दुसऱ्या दिवशी दौलताबादला गेलो. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह इथे आले होते. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर सर्वांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून तिथले मुसलमान रहिवासी धावून आले, हौद बाटवला म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो सशस्त्र शिपाई सोबत देऊन, पाण्याला कुणी शिवू नये म्हणून. अस्पृश्यतेचा रोग एका धर्मापुरता उरलेला नाही, हे बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिताना दाखवून दिले आहे. मुले ऐकत होती. मोठीने पिशवीतली बाटली काढली आणि आधी आजीच्या हातात दिली. आईंनी ती तोंडाला लावली.

माता-भगिनींनो, बंधूंनो, सहलीला जरूर जा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात गेलात तर माणशी किमान दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि डोक्याला दुपट्टा घ्या. आणि चालणे सकाळी दहाच्या आत आटोपा. चित्रांवर प्रकाशझोत पाडू नका, भिंतींना हात लावू नका.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. वाटेत त्यांना बोलते करा. त्यांनी सोसलेले मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकले पाहिजे. परतल्यावर आमच्या मोठीने आजीसाठी तिच्या नावाचा पितळी तांब्या करवून घेतला. आता आई त्यातूनच पाणी पितात.

नमो बुद्धाय! जयभीम!