पथ्याच्या नावाखाली उपासमार नको

सिरोसिस म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवते. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर यांनीही यकृत तसंच निबर होतं. मग आतडी आणि प्लीहेकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी साठतं. शीर फुटली तर रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौचाला होते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावं. १९८०च्या सुमारास पॅरिसमध्ये यकृततज्ज्ञ लेब्रेक यांनी प्रोप्रॅनोलॉल या औषधाने असा रक्तस्राव पुन्हा होणं टाळता येतं हे दाखवलं. आज त्याच गटातलं कार्व्हेडिलॉल आहे, दुर्बिणीतून शिरांना रबरी कडी घालता येतात.

आम्हाला जास्त अस्वस्थ करतं ते रुग्णाचं ताट. पोटात पाणी असेल तर मीठ कमी हवंच, म्हणजे पापड-लोणचं बंद. पण त्याबरोबर डाळ, अंडी, दूधही बंद होतं आणि दंड पार वाळलेला माणूस उसाच्या रसावर दिवस काढतो. खरं तर त्याला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणंही. यकृताच्या आजाराचा परिणाम मेंदूवरही होतो; सही बिघडली, दिवसा झोप आणि रात्री जाग सुरू झाली, तर घरच्यांनी डॉक्टरांना लगेच सांगावं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर देऊ नये, मूत्रपिंडावर बेततं.

या अंकातला आहाराचा लेख स्वयंपाक करणाऱ्यांनी आधी वाचावा.