स्वस्त पडतं म्हणून?

"लॉग ना? टाका क्लाउडवरच्या टेबलमधे, स्वस्त पडतं." हे वाक्य मी आजवर तीन प्रोजेक्टमधे ऐकलंय. तिन्ही वेळा, ते लॉग नंतर वाचणार कसे याबद्दल साहेबांनी चकार शब्द काढला नाही.

मंडळी, अझ्युअर टेबल स्टोरेज स्वस्त आहे, मान्य. रोज लाखो ओळी ओता, कुरकुरत नाही. पण नावात टेबल आहे म्हणून तो एसक्यूएल सर्व्हर होत नाही हो! इंडेक्स फक्त दोघींवर, पार्टिशन की आणि रो की. दुसऱ्या कुठल्या कॉलमवर शोधायला गेलात की बसा अख्खं टेबल चाळत. त्यात एका खेपेला जास्तीत जास्त १००० नोंदी, पुढच्या हव्यात तर टोकन घेऊन परत रांगेत. कधी कधी तर नोंद एकही नाही, नुसतं टोकन!

आणि आपले वीर पार्टिशन की म्हणून काय घालतात? आजची तारीख. म्हणजे दिवसभराचं सगळं लिखाण एकाच पार्टिशनवर. एका पार्टिशनकडून सेकंदाला साधारण २००० नोंदींची अपेक्षा ठेवा (१ केबीच्या), असं मायक्रोसॉफ्टच सांगते. सेलच्या दिवशी गर्दी झाली की टेबल ५०३ देतं, 'सर्व्हर बिझी', आणि लॉग लिहिणारा कोड ती एरर गुपचूप गिळतो. ज्या तासाचे लॉग हवेत नेमके तेच गायब. वा!

रात्री दोन वाजता सपोर्टला बसलेल्या पोरीचा प्रश्न साधा असतो, 'या ऑर्डरचं काय झालं?' मग ऑर्डर नंबरच पार्टिशन की करा ना! टेबल नोंदी चढत्या क्रमानेच देतं, म्हणून रो कीमधे कमाल वेळेतून आत्ताची वेळ वजा करून ठेवा, ताज्या नोंदी वर येतात. शेपटाला जीयूआयडी लावा, नाहीतर एकाच क्षणाच्या दोन नोंदी एकमेकींवर आपटतील. अर्ध्या तासाचं काम आहे हे. पण ते पहिल्या दिवशी करायचं असतं, कारण लिहिलेल्या नोंदीची की नंतर बदलता येत नाही.

जुनं आपोआप पुसायची सोयही इथे नाही. ब्लॉबला आहे, टेबलला नाही. दर महिन्याला नवं टेबल करा, जुनं अख्खं उडवा, प्रश्न मिटला. पण नाही! 'लॉग्ज' नावाचं एकच टेबल वर्षानुवर्षं फुगतंय, आणि त्यात ग्राहकांचे मोबाइल नंबर, पत्ते, एके ठिकाणी तर चक्क ओटीपी पाहिलेत मी. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसायची तरतूद आहे. उद्या एखादा ग्राहक म्हणाला, माझं सगळं पुसा, तर? मोबाइल नंबरवर इंडेक्स नाही. बसा परत टेबल चाळत.