पंधरा वर्षांचा अनुभव कुणाच्या बापाचा?

दोस्तहो, विद्यापीठाला नवा दरवाजा फुटलाय. मागच्या बाजूला. २०२२ साली यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची योजना काढली. कंपनीत, उद्योगात, सनदी नोकरीत, लष्करात ज्याने निदान १५ वर्षं काढली, तीही शक्यतो वरच्या खुर्चीत, अशा नामवंताला थेट प्राध्यापक करा. पदवीची सक्ती नाही, छापलेले निबंध नकोत. कुलगुरूंनी नावं मागवायची, समितीने बघायची. झाला प्रोफेसर.

मी गोदीत माल उचलणारा, दहावी पास. मला काय करायचंय ह्या भरतीशी? तर ऐका.

कंपनीच्या लॅबमधला माणूस वर्गात यावा ह्याला माझी हरकत नाही. यावाच. दोन साखळ्यांनी पोलाद उचलताना साखळ्यांमधला कोन रुंद झाला की दोन्हींवरचा ताण वाढतो, हे आमच्या टोळीतला अंगठेबहाद्दरही जाणतो. न जाणला तर खाली उभा असलेला मरतो. हाताने शिकलेलं ज्ञान काय असतं ते आम्हाला सांगायला नको. पण ही योजना त्या हातासाठी नाहीच. ती वरच्या खुर्चीसाठी आहे.

आणि खुर्चीवर कोण असतं? खाजगी कंपनीत आरक्षण नाही. तिथं १५ वर्षं कुणाला टिकू द्यायचं, कुणाला साहेब करायचं, हे ओळखपाळख ठरवते, आडनाव ठरवतं. ही गाळून आलेली माणसं उचलायची नि विद्यापीठात आणून म्हणायचं, बघा गुणवत्ता! वा रे वा. चाळणी त्यांची, पीठही त्यांचंच.

आमच्या वस्तीतला एक मित्र आहे. रसायनशास्त्रात पीएच. डी., सेट पास. एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात पाच वर्षं होता. रात्र रात्र जागून प्रयोग ह्याने बसवायचा, पेटंटवर नाव साहेबाचं. बढतीच्या वेळी शेरा : 'संवादकौशल्य कमी'. वैतागला, म्हणाला, शिकवतो आता. आज दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर पळतोय. सुट्टी लागली की तास नाहीत, तास नाहीत तर पैसे नाहीत. एका मुलाखतीत त्याला सांगितलं, कंपनीतली वर्षं आम्ही धरत नाही, तो अध्यापनाचा अनुभव नव्हे. आणि त्याच लॅबमधला तो साहेब? तो आता एका विद्यापीठात 'प्रॅक्टिस'चा प्रोफेसर आहे. त्याची वर्षं धरली. च्यायला, एकाच लॅबमधली वर्षं, एकाची सोनं नि दुसऱ्याची भंगार!

कुणी शहाजोग म्हणेल, अहो ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची आहेत, तुमच्या जागांना धक्का नाही. तीच तर गोम आहे! मंजूर पदांच्या बाहेर म्हणजे रोस्टरच्या बाहेर. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. शंभर पदांमागे दहा, आणि त्या दहांत आमचा एकही असण्याची सक्ती नाही. वर म्हणतात तात्पुरतं आहे, फार तर चार वर्षं. गोदीत कंत्राटी आले तेही तात्पुरते म्हणूनच आले.

आणि कंपनीतल्या विद्वानाला दार नव्हतंच असंही नाही. २०१८ च्या यूजीसी नियमांत उद्योगातला पीएच. डी. झालेला, दहा वर्षं अनुभवाचा माणूस प्रोफेसर होऊ शकतोच. पण त्या दाराने यायचं तर मंजूर पदावर यायचं, म्हणजे रोस्टर आलं. ते रोस्टर आपण फुकट मिळवलेलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायचा हुकूम निघाला. म्हणजे विभागात सातवी जागा येईपर्यंत अनुसूचित जातीचा नंबर नाही, चौदावी येईपर्यंत आदिवासींचा नाही. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत वटहुकूम निघाला, त्याच वर्षी जुलैत कायदा झाला. पुढचं दार असं रस्त्यावर उतरून उघडलं, तर तीन वर्षांत ह्यांनी मागची भिंत फोडली.

अनुभवाला जात नसते म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचं बघावं. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला माणूस. मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळली तशी गिऱ्हाइकं गेली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथल्या सहकाऱ्यांना त्यांनी आपल्या माठातलं पाणी घेतलेलं खपेना. बाजाराने टिकू दिलं नाही, तर १५ वर्षांचा दाखला आणायचा कुठून?

तेव्हा एक काम करू. आपल्यातले जे कंपन्यांच्या लॅबमध्ये आहेत त्यांनी पेटंटवरची नावं, बढत्या, शेरे लिहून आमच्याकडे पाठवा. बाकीच्यांनी विद्यापीठा-विद्यापीठात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : 'प्रॅक्टिस'चे प्रोफेसर किती नेमले, कुठल्या कंपनीतून आले, नाव कुणी सुचवलं, प्रवर्ग कोणता, आणि राखीव जागा किती वर्षं रिकाम्या आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. माझा अर्ज लिहून तयार आहे. सोमवारी पाळी सुटली की फोर्टात जाऊन देणार. कोण कोण येतंय?