माणूस पडला, खेळ चालूच राहिला

कुस्तीच्या भाषेत 'पडणे' म्हणजे हरणे. पडलेला मल्ल अंगाची माती झटकतो, वस्तादाच्या पायाशी वाकतो आणि पुढच्या मैदानाची तयारी करू लागतो. परंतु अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीना या प्रेक्षागृहात, २३ मे १९९९ च्या रविवारी रात्री ओवेन हार्ट हा ३४ वर्षांचा कॅनेडियन मल्ल पडला तो कोणा प्रतिस्पर्ध्याच्या डावाने नव्हे. छताजवळून दोराने खाली उतरत असता तो सुटला आणि सुमारे ७८ फूट खाली, कुस्तीच्या रिंगणात कोसळला. त्याला इस्पितळात नेले, पण तो वाचला नाही. त्याला बाहेर नेल्यावर थोड्याच वेळात त्याच रिंगणात पुढची कुस्ती लागली, आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे शेवटास गेला.

या घटनेस पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दाव्याची तडजोड झाली, रकमा चुकत्या झाल्या, श्रद्धांजल्या वाहून झाल्या. तरीही त्या रात्रीचा एक प्रश्न आमच्या मते अजून उभाच आहे. मनुष्य मेला असता खेळ चालू का राहिला? हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. जेथे जेथे पैसे घेऊन मनुष्याचे धाडस विकले जाते, तेथे तेथे तो विचारणे भाग आहे.

प्रथम त्या कार्यक्रमाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. त्याचे नाव होते 'ओव्हर द एज'. तो भरवणारी कंपनी तेव्हा वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन म्हणून ओळखली जाई. २००२ पासून तिने वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट हे नाव धारण केले. हा कार्यक्रम 'पे-पर-व्ह्यू' पद्धतीचा होता. म्हणजे नित्याच्या वर्गणीत न मिळणारा, त्या एका रात्रीपुरते वेगळे पैसे भरून घरबसल्या पाहावयाचा. आठवड्या-आठवड्याला दूरचित्रवाणीवर भांडणे रंगवावयाची, वैर वाढवत न्यावयाचे, आणि महिन्याकाठी त्याचा निकाल अशा विकाऊ रात्री लावावयाचा, असा हा धंदा. त्या रात्री प्रेक्षागृहात १६,००० हून अधिक लोक होते आणि ज्यांनी घरी बसून पैसे भरले होते ते निराळेच.

ओवेन हार्ट हा काही नवशिका नव्हता. कॅनडातील कॅलगरी येथील स्टू हार्ट या नामांकित मल्लाच्या बारा अपत्यांपैकी तो सर्वांत धाकटा. घराच्या तळघरातच वडिलांची तालीम होती आणि तिची कडक शिस्त दूरवर प्रसिद्ध होती. ब्रेट हार्ट हा जगज्जेता मल्ल त्याचा थोरला भाऊ. अशा घराण्यातल्या या कसलेल्या मल्लाला त्या काळी 'ब्ल्यू ब्लेझर' नावाचे सोंग दिलेले होते. निळा मुखवटा, अंगावर पिसांचा झगा, तोंडी सदाचाराचा उपदेश, आणि लोकांनी हसावे अशी सारी फजिती. त्या रात्रीची फजिती अशी ठरली होती की त्याने एखाद्या आकाशवीराप्रमाणे वरून उतरावे, रिंगणाच्या अगदी वर येऊन दोर सोडवताना गडबडावे आणि तोंडघशी पडावे. त्यासाठी झटकन सुटणारी कडी लावण्यात आली. शिडाच्या होडीवर दोर चटकन मोकळा करण्यासाठी असते त्या जातीची ती कडी होती, असे त्याच्या पत्नीने पुढे सांगितले. ती कडी अवेळी सुटली. केवळ एका विनोदाखातर ही सारी योजना होती, हे विसरून चालणार नाही.

तो पडला त्या क्षणी घरच्या पडद्यावर आधी मुद्रित केलेले दृश्य चालू होते. त्यामुळे घरी बसलेल्यांनी पतन पाहिले नाही. समालोचक जिम रॉस याने घरच्या प्रेक्षकांना पुनःपुन्हा बजावले की हा खेळाचा भाग नव्हे, ही खरी दुर्घटना आहे. पुढे त्यानेच ओवेनच्या मृत्यूची वार्ता त्यांना दिली. प्रेक्षागृहातील हजारो लोकांना मात्र ती दिली गेली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी मनुष्य कोसळताना पाहिला, ते आरोळ्या ठोकीत, टाळ्या पिटीत बसून राहिले, आणि घरी जाईपर्यंत त्यांतल्या अनेकांना हे सोंग होते की सत्य होते याचाच उलगडा झाला नसेल.

अपघातानंतर लगेच रिंगणात उतरण्याची पाळी आली ती जेफ जॅरेटवर. त्याच वर्षाच्या आरंभी ओवेनच्या जोडीने त्याने जोडीकुस्तीचे जेतेपद मिरवले होते. ज्याचा साथीदार नुकताच झोळीतून बाहेर नेला गेला, त्याने चेहरा सावरून लोकांचे मनोरंजन करावयाचे! शेवटच्या कुस्तीत अंडरटेकरने स्टीव्ह ऑस्टिनला हरवून जगज्जेतेपद घेतले. विकलेला माल पुरता पोचता झाला.

आता आमचा मुद्दा. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे उघड गुपित आहे. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती खेळणाऱ्याची छी:थू होते. अमेरिकेतल्या या धंद्याला मात्र ते कबूल करण्यात पुढे पुढे फायदाच दिसू लागला. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे या कंपनीच्या वतीने असे मांडण्यात आले की आमची कुस्ती ही खरी स्पर्धा नसून प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेला खेळ आहे. हेतू सत्यनिष्ठेचा नव्हता. खऱ्या क्रीडास्पर्धेवर राज्याच्या क्रीडानियंत्रक मंडळाची देखरेख, परवाने आणि कर यांचे जे ओझे असते, त्यातून मोकळे व्हावयाचे होते. 'आम्ही खेळाडू नव्हे, नट आहोत' एवढे म्हटले की पहारेकरी दारातून हटतो, हे त्यांनी ओळखले.

ठीक आहे. नाटक तर नाटक. पण मग नाटकाचा न्याय तरी पुरता लागू करा. खऱ्या स्पर्धेत खेळ थांबवणे अवघड असते, कारण कोणाच्या तरी वर्षांच्या मेहनतीचे फळ त्या निकालावर टांगलेले असते. थांबवले तर एकावर अन्याय होतो, न थांबवला तर दुसऱ्यावर. ज्या खेळाचा निकाल बंद खोलीत बसून ठरवला आहे, तेथे ही अडचण कोठली? अंडरटेकरने त्या रविवारी जिंकले नसते तर पुढच्या कोणत्याही सोमवारी जिंकवता आले असते. कोणाचाही हक्क बुडाला नसता, कोणाचेही कष्ट वाया गेले नसते. खेळ थांबवण्यात एकच गोष्ट बुडणार होती आणि ती म्हणजे घेतलेला पैसा. खेळ चालू राहिला याचे दुसरे कारण शोधावयास आम्ही निघालो, पण आम्हांस ते सापडले नाही.

याच्या शेजारी एक दुसरा प्रसंग ठेवून पाहावा. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलचा बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यातील सामना चालू होता. डमार हॅमलिन हा खेळाडू एका धडकेनंतर उठून उभा राहिला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानातच छाती दाबून त्याला जगवण्यात आले. तो सामना खरा होता. त्याच्या निकालावर पुढील बाद फेरीतील संघांचे स्थान अवलंबून होते. तरीही तो त्या रात्री तेथेच थांबवण्यात आला आणि पुढे तो रद्दच झाला, पुन्हा खेळवला गेला नाही. सुदैवाने हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी मैदानावर परतला. ज्याचा निकाल मोलाचा होता तो खेळ थांबला. ज्याचा निकाल लिहून ठेवलेला होता तो मात्र चालूच राहिला. याहून अधिक भाष्याची गरज आहे काय?

या धंद्याच्या समर्थकांची उत्तरे आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणतात, वार्ता सांगितली असती तर एवढ्या जमावात गोंधळ माजला असता. परंतु त्याच जमावाला मनुष्य पडलेला दिसला, त्याच्या छातीवर उपचार चाललेले दिसले, झोळी जाताना दिसली. तरीही तो जागेवरून हलला नाही. शांतपणे सत्य सांगून घरी जाण्यास सांगितले असते तर तो दंगा करील, असे मानणे हा त्या लोकांचा अपमान आहे. कोणी म्हणतात, दुसऱ्याच दिवशी, २४ मे रोजी, सेंट लुइस येथील सारा कार्यक्रम ओवेनच्या स्मृतीस अर्पण केला आणि मल्लांनी डोळ्यांत पाणी आणून त्याच्या आठवणी सांगितल्या. ते अश्रू खरे होते याविषयी आम्हांस शंका नाही. पण सोमवारच्या अश्रूंनी रविवारचा निर्णय धुतला जात नाही. आणि कोणी म्हणतात, तो स्वखुशीने वर चढला होता. जेथे मल्लाला नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून बांधलेले असते, मालकाची मर्जी गेली की पुढची कुस्ती जाते, तेथे 'स्वखुशी' या शब्दाचे वजन किती, हे कामकरी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पत्नी मार्था हार्ट हिने दावा लावला. नोव्हेंबर २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरांवर तडजोड झाली. त्यातल्या पैशातून तिने ओवेनच्या नावे सेवानिधी उभा केला, ही त्या बाईची थोरवी. कंपनीचे म्हणाल तर अपघाताच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, तिचे भाग बाजारात विकावयास आले. 'ओव्हर द एज' हे नाव तिने पुन्हा कोणत्या कार्यक्रमास दिले नाही, आणि २०१४ पर्यंत ते चित्रण लोकांपुढे आणले नाही. नाव पुसता आले. नियम बदलण्याची निकड मात्र तितकी भासली नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही एवढेच सांगू की या खेळाच्या गिऱ्हाइकांत आपणही आहोत. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना लोटणाऱ्या गर्दीत आपले वाडवडील होते. १९९० नंतर केबल घरात आली आणि या मल्लांच्या चित्रांचे पत्ते कुटीत एक पिढी वाढली. आज तोच खेळ हातातल्या फोनवर दिसतो. सोंग पाहण्यात पाप नाही. दशावतार आणि तमाशा पाहून वाढलेल्या समाजाने सोंगाला नावे ठेवू नयेत. पण आपला तालमीचा संस्कार एक भेद शिकवतो. मैदानात मल्लाचा हात निखळला तर पंच कुस्ती सोडवतात, वस्ताद धावतो आणि सारे मैदान श्वास रोखून उभे राहते. ती कुस्ती खरी की खोटी, हे त्या क्षणी कोणी विचारीत नाही. हाड खरे असते, एवढे पुरते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जे खेळ स्वतःला करमणूक म्हणवून क्रीडानियमांतून सुटतात, त्यांच्यावर देखरेख कमी नव्हे, अधिक असली पाहिजे. कारण तेथला प्रत्येक धोका कोणीतरी योजून लिहिलेला असतो आणि लिहिणाऱ्याला तो टाळता येतो. ज्याचा पगार त्या कंपनीकडून येत नाही असा वैद्य रिंगणाशेजारी असावा आणि खेळ बंद करण्याचा अंतिम अधिकार त्याच्या हाती असावा. उंचीवरचे, आगीचे, दोराचे प्रकार परक्या तपासनिसाने पारखल्यावाचून होऊ नयेत. प्राणघातक दुर्घटना घडताच खेळ संपावा, पैसे परत मिळावेत, आणि जे प्रत्यक्ष हजर आहेत त्यांना सत्य सर्वांआधी कळावे.

आणि प्रेक्षकांनीही आपला वाटा ओळखावा. खेळ थांबला म्हणून पैसे मागत ओरडणारे लोक बाहेर बसले आहेत, याच भीतीने त्या रात्री निर्णय झाला असेल, तर ती भीती खोटी ठरवणे आपल्या हाती आहे. माणूस पडला की पडदा पडावा, हे आपण विकत घेतलेल्या तिकिटाच्या करारातले पहिले कलम मानले पाहिजे. ज्या समाजाला पडलेल्या मल्लासाठी थांबता येत नाही, त्याने कुस्ती पाहिली असे म्हणू नये.