पालघाट नुसता पाठच करून घ्यायचा?



थळघाट, बोरघाट, पालघाट. रिकाम्या जागा भरायला ही नावं आपण मुलांकडून घोकून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझं मत असं की एकट्या पालघाटावर हवामानबदलाचा अख्खा तास घेता येतो. ‘झाडे लावा’च्या घोषणेपेक्षा त्या तासातून मुलांच्या हाती जास्त लागेल.

आधी नकाशा उघडा. केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर सह्याद्रीची भिंत तुटते, तिथे ही ३०-४० किलोमीटर रुंद खिंड आहे. तिच्या उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला २६९५ मीटर उंच अनैमुडी. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे फरक बघा.) माथ्यावर गार हवा, गवताची कुरणं आणि घळींमध्ये बुटक्या झाडांचं दाट जंगल. या जंगलाला शोला म्हणतात. त्यात शोलाकिळी नावाचा चिमणीएवढा निळसर पक्षी राहतो. खालची उष्ण, सखल जमीन त्याला मानवत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक डोंगरमाथा म्हणजे एक बेटच.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. निलगिरीत तेव्हा हवा थंड आणि कोरडी होती. तिथल्या दलदलीत हजारो वर्षं साठलेल्या थरांमधला कार्बन तपासून रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की त्या काळात गवत पसरलं होतं. पुढे पाऊस वाढला आणि जंगलानं पुन्हा पाय पसरले. हवामानाचे असे हेलकावे लाखो वर्षं चालू होते. जंगल आकसलं की पक्षी थोडे उरतात आणि त्या थोड्यांचीच जनुकं पुढच्या पिढ्यांत जातात. जंगल पसरून जोडलं गेलं की शेजारचे गट पुन्हा एकमेकांत मिसळतात. पालघाट मात्र पक्ष्यांना ओलांडता आला नाही. दोन्हीकडचे पक्षी इतके वेगळे होत गेले की आज त्यांना दोन प्रजाती मानतात. खाली आणखी दक्षिणेला शेनकोट्टा खिंड आहे. तिच्या पलीकडची तिसरी प्रजाती व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नोंदवली.

आता माझी खरी तक्रार. जैवविविधता म्हटलं की आपण फक्त मोजतो, इतके पक्षी, इतके प्राणी. एकाच प्रजातीच्या आतलं वैविध्य धड्यात येतच नाही. मग मुलाला वाटतं, एका डोंगरावर थवा उरला म्हणजे प्रजाती वाचली. तसं नसतं हो! त्या एका थव्यात बाकीच्या डोंगरांवरची जनुकं कुठून येणार? आणि आज हवा तापतेय, तर माथ्यावरच्या पक्ष्यानं आणखी वर जायचं कुठे?

आणि वृक्षारोपणाचं काय? निलगिरीच्या कुरणांवर इंग्रजांच्या काळापासून निलगिरी आणि वॅटलची परदेशी झाडं लावली गेली. त्या कुरणांवर चरणाऱ्या निलगिरी ताहर या रानबकऱ्याच्या दृष्टीनं तिथली हिरवळ वाढली नाही, घटली. झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. कुठे आणि कोणती, एवढं मुलांनी विचारायला शिकावं.

‘चौथीच्या मुलांना हे झेपेल का?’ असं पालक विचारतील. झेपेल. डब्यात आठ रंगांचे चाळीस मणी घ्या. हे झालं मोठं जंगल. डोळे मिटून पाच मणी उचलायला सांगा, हे आकसलेलं जंगल. आता या पाचांचीच ‘पिल्लं’ म्हणून त्याच रंगांचे मणी वाढवत परत चाळीस करा. संख्या भरली, पण गेलेले रंग परत आले का, ते मुलांनाच मोजू द्या. दोन गटांना वेगवेगळे डबे दिलेत, तर पालघाटाचे दोन काठ आपोआप तयार होतात. ‘जनुक’ हा शब्द त्या दिवशी नाही वापरला तरी चालेल. मणी मात्र आठ रंगांचेच घ्या, दोन-तीन रंगांत ही गंमत कळत नाही.