पस्तिशीत पुन्हा कॉलेज: पवनीतल्या विद्यार्थ्याला फीसाठी मदत कुठून मिळू शकते?

समजा, तुम्ही पवनीत राहता. बारावीनंतर लग्न झालं किंवा घरची धानाची शेती सांभाळावी लागली आणि बी.ए. राहूनच गेलं. आता मुलं शाळेत जातात, अंगणवाडीच्या किंवा एखाद्या ऑफिसच्या भरतीत पदवी विचारली जाते. शिकायची तयारी आहे, पण फीचं काय? शिष्यवृत्ती तर अठरा वर्षांच्या मुलांनाच मिळते ना?

हा समज अर्धाच खरा आहे. 'पुन्हा शिकणाऱ्या प्रौढांसाठी' अशी वेगळी मोठी योजना नाही, हे खरं. पण नेहमीच्या योजनांमध्ये खरी अडचण बहुतेक वेळा वयाची नसते. उत्पन्न किती, प्रवर्ग कोणता आणि प्रवेश रेग्युलर आहे की दूरशिक्षणाचा, यावर जास्त अवलंबून असतं.

रेग्युलर की मुक्त विद्यापीठ?

सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. भंडारा जिल्ह्यातली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तिथे रेग्युलर प्रवेश घेतला, तर महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा ८ लाख.

दुसरा रस्ता १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा. रोज वर्गात बसावं लागत नाही, काम आणि घर सांभाळून शिकता येतं. पण शाहू महाराज शिष्यवृत्ती अर्धवेळ किंवा ऑनलाइन पद्धतीच्या अभ्यासक्रमाला लागू नाही.

म्हणजे ज्याला वेळ नाही त्याला दूरशिक्षण सोयीचं, पण मदतीचे दरवाजे तिथे कमी. जिथे मदत जास्त, तिथे हजेरीची अट. प्रौढ विद्यार्थ्याची खरी कोंडी हीच आहे.

मुलींना मोफत शिक्षणाचा फायदा मिळेल का?

२०२४-२५ पासून राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची फी पूर्ण माफ केली. पण ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए. किंवा बी.कॉम.ला ती गृहीत धरू नका.

फारशी माहीत नसलेली मदत

घरात कुणी नोंदीत बांधकाम कामगार आहे का? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ पदवीच्या प्रत्येक वर्षासाठी २० हजार रुपये देतं. ही मदत कामगाराच्या मुलांपुरती नाही, पत्नीलाही लागू आहे. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नवरा मिस्त्रीकाम करत असेल, तर आधी हे तपासा.

कर्ज घ्यावं का?

पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्यात तारण लागत नाही, पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करायला तिचा उपयोग होईलच असं नाही. पदवीनंतर पगार किती वाढेल, याचा हिशेब केल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

अर्ज कुठे अडकतो?

- उत्पन्नाचा दाखला: तहसील कार्यालयाचा लागतो. लग्न झालेल्या बाईने कुणाचं उत्पन्न दाखवायचं, वडिलांचं की नवऱ्याचं, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधी विचारून घ्या.
- नाव: मार्कशीटवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल, तर प्रवेशाच्या आधीच जुळवून घ्या.
- गॅप: मधली वर्षं का गेली, याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.
- बँक खातं: पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे आधार जोडलेलं हवं.
- दुसरी पदवी: बी.ए. झालं असेल आणि आता बी.कॉम. करायचं असेल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एकाच पातळीवर दोनदा मदत नाही.

बारावीच राहिली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. एनआयओएसमध्येही बारावीला बसायला वयाची वरची मर्यादा नाही.

मग करायचं काय?

प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्ती शोधायची, ही चूक बरेच जण करतात. क्रम उलटा ठेवा. आधी दाखले काढा, मग कोणती योजना कोणत्या प्रकारच्या प्रवेशाला लागू आहे ते पाहा आणि शेवटी कॉलेज ठरवा. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येऊ शकतात, म्हणून पहिल्या हप्त्याची सोय मात्र स्वतःकडे असू द्या.

सरकारी यंत्रणा अजूनही 'विद्यार्थी' म्हटलं की वडिलांच्या दाखल्यावर शिकणारा मुलगा किंवा मुलगी डोळ्यासमोर आणते. त्या चौकटीत पस्तिशीतली बाई बसत नाही, पण नियमांनी तिला बाहेरही काढलेलं नाही. ओळखीत कुणाचं शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर प्रवेशाची मुदत संपायच्या आत हे त्यांच्यापर्यंत पोहोचवा.