आठाची मेमरी सहा का दिसते?



हिशेबासाठी, सातबारा पाहण्यासाठी घरात संगणक आला. घेताना मेमरी, म्हणजे रॅम, ८ जीबी सांगितली. पडद्यावर मात्र वापरायला ५.९ जीबीच दिसते. लगेच नवी पट्टी विकत घेऊ नका. आधी कारण शोधा.

कणगीतले थोडे धान्य आपण बियाण्यासाठी राखतो. तसाच संगणकही काही मेमरी पडद्यावरच्या चित्रासाठी राखतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकदम दाबा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. 'हार्डवेअर रिझर्व्हड' हा तो राखीव वाटा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर एक-दोन जीबी त्यात जाणे नवल नाही.

'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम', 'अबाउट' येथे विंडोज ३२ बिट लिहिली असेल, तर बसवलेली मेमरी कितीही असो, वापरात साधारण ३ ते ३.५ जीबीच येते. प्रोसेसर ६४ बिटचा असल्यास ६४ बिट विंडोज घालून घ्यावी.

तिथे बसवलेली मेमरीच ८ ऐवजी ४ दिसली, तर मात्र पट्टी सैल, खराब किंवा मुळातच कमी दिलेली आहे. हमीची मुदत असेल तर संगणक न उघडता बिलासह दुकानात न्या. मुदत संपली असेल तर वीज बंद करून वायर काढा. पट्टी काढून कोरड्या मऊ कापडाने पुसा व खटका वाजेपर्यंत परत दाबून बसवा. चांगल्या खाचेतही ती दिसली नाही, तरच नवीन घ्या.